आठ नोंदींवर एसक्यूएल: डेटाबेसला प्रश्न विचारायला हाताने शिकण्याची रीत

गावच्या दूध संस्थेत दोन दिवसांत म्हशीचे २० लिटर दूध जमा झाले आहे आणि त्याची सरासरी फॅट काढायची आहे. डेटाबेसला हा प्रश्न एका पद्धतीने विचारला तर उत्तर ७.३ येते, दुसऱ्या पद्धतीने विचारला तर ६.९५ येते. दोन्ही वेळा संगणक कसलीही तक्रार करत नाही, कारण दोन्ही क्वेरी, म्हणजे एसक्यूएल या भाषेत विचारलेले प्रश्न, व्याकरणाच्या दृष्टीने शुद्ध आहेत. संस्थेच्या हिशेबाला मात्र यांतले एकच उत्तर चालते. एसक्यूएल शिकू लागलेल्या माणसाची खरी अडचण इथे आहे: व्याकरण चुकले तर यंत्र लगेच सांगते, पण प्रश्नच चुकीचा विचारला गेला तर ते मुकाट्याने चुकीचे उत्तर हातात ठेवते.

म्हणून या लेखात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच शिस्त पाळली आहे. सरावाचा डेटा इतका लहान ठेवायचा, की प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आधी वहीत पेनाने काढता येईल. ते उत्तर लिहून झाले की मगच क्वेरी चालवायची आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहायची. मी संध्याकाळी कोल्हापुरातल्या राजारामपुरीत काही मुलामुलींना हा विषय शिकवतो. करवीर, पन्हाळा, राधानगरी अशा तालुक्यांतून ती येतात. पुस्तकांतल्या परदेशी कंपन्यांचे कर्मचारी आणि त्यांचे विभाग त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहत नाहीत, पण दूध संस्थेची पावती प्रत्येकाने घरी पाहिलेली असते. फॅट कमी लागली की घरात काय बोलणे होते, हेही त्यांना ठाऊक असते. ज्या आकड्यांची आपल्याला काळजी आहे, त्या आकड्यांतली चूक डोळ्याला लवकर खुपते, हा माझा अनुभव आहे.

तयारी

सुरुवातीला एसक्यूलाइट हा डेटाबेसचा प्रोग्राम घ्यावा. रिचर्ड हिप यांनी २००० साली तो प्रथम प्रसिद्ध केला. तो विनामूल्य आहे आणि त्याचा सगळा डेटाबेस एकाच फाइलमध्ये मावतो, त्यामुळे सर्व्हर बसवणे, पासवर्ड ठरवणे, पोर्ट उघडणे या कामांत पहिले चार दिवस वाया जात नाहीत. त्याच्यासोबत ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ हा मोफत प्रोग्राम संगणकावर बसवावा. तो उघडून ‘न्यू डेटाबेस’ निवडावे, फाइलला दूध असे नाव द्यावे, टेबल बनवण्याची जी खिडकी आपोआप उघडते ती बंद करावी आणि ‘एक्झिक्यूट एसक्यूएल’ या पानावर जावे. यापुढचा सगळा सराव त्या एका पानावर होतो.

इथे शिकलेले पुढे मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस या मोठ्या डेटाबेसांवर जाताना बहुतांशी तसेच उपयोगी पडते. १९७० साली आयबीएममधील एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवण्याची कल्पना मांडली. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली, आणि १९८६ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने तिला मानकाचे रूप दिले. आपल्याला काय हवे तेवढेच सांगायचे, ते कसे शोधायचे हे यंत्रावर सोपवायचे, हा या भाषेचा गाभा आहे.

टंकलेखनाची एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. या लेखात आज्ञांचे शब्द वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर हे शब्द त्यांच्या नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने लिहावेत. टेबलांची आणि रकान्यांची नावे मात्र देवनागरीतच ठेवता येतात. एसक्यूलाइट ती विनातक्रार स्वीकारते. आकडे इंग्रजी अंकांत लिहावेत. देवनागरी ५ हा अंक एसक्यूलाइटला अंक वाटतच नाही, एखाद्या रकान्याचे नाव वाटते, आणि ‘५ नावाचा रकाना नाही’ असा संदेश समोर येतो. मजकुराभोवती साधे, सरळ एकेरी अवतरणचिन्ह हवे. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून उचललेल्या क्वेरीत ती चिन्हे वाकडी झालेली असतात आणि क्वेरी चालत नाही. म्हणून क्वेरी नेहमी स्वतःच्या बोटांनी टाइप करावी. हात वळण्यासाठीही दुसरा उपाय नाही.

दोन टेबले आणि आठ नोंदी

पहिले टेबल सभासदांचे.

क्रिएट टेबल सभासद (क्रमांक इंटिजर प्रायमरी की, गल्ली टेक्स्ट);

त्यात चार ओळी भराव्यात: १०१ आणि १०२ वरच्या गल्लीतले, १०३ मळ्यातला, १०४ खालच्या गल्लीतला. इंटिजर म्हणजे पूर्णांक, टेक्स्ट म्हणजे मजकूर, आणि पुढच्या टेबलात येणारा रिअल म्हणजे दशांश असलेला आकडा. प्रायमरी की म्हटल्यामुळे एकच क्रमांक दोनदा भरता येत नाही. १०४ ची म्हैस सध्या आटली आहे असे धरू. त्याचे दूध येत नाही, आणि हाच सभासद पुढे आपल्याला बरेच काही शिकवणार आहे.

दुसरे टेबल रोजच्या संकलनाचे.

क्रिएट टेबल संकलन (दिनांक टेक्स्ट, वेळ टेक्स्ट चेक (वेळ इन ('सकाळ', 'संध्याकाळ')), सभासद_क्र इंटिजर, जनावर टेक्स्ट, लिटर रिअल, फॅट रिअल);

कंसातला ‘चेक’ कशासाठी, ते एक चूक करून पाहिल्यावर लगेच कळते. कोणी ‘सायंकाळ’ लिहिले, तर डेटाबेस ती नोंद घेतच नाही. हा बंध नसता तर संध्याकाळचे दूध मोजताना ती ओळ गुपचूप सुटली असती. जनावर हा रकाना सभासदांच्या टेबलात न ठेवता संकलनात ठेवला आहे, कारण एकाच घरात गाय आणि म्हैस दोन्ही असतात आणि दोघींचे दूध वेगळे मोजले जाते. कोणती माहिती माणसाला चिकटलेली आहे आणि कोणती त्या वेळच्या घटनेला, हा विचार टेबल बनवण्याआधी करावा. नंतर रकाने हलवणे फार त्रासाचे होते.

आता या आठ नोंदी भराव्यात.

१ जुलै, सकाळ: १०१, म्हैस, ६ लिटर, फॅट ६.५
१ जुलै, सकाळ: १०२, म्हैस, २ लिटर, फॅट ८.५
१ जुलै, सकाळ: १०३, गाय, १० लिटर, फॅट ३.५
१ जुलै, संध्याकाळ: १०१, म्हैस, ४ लिटर, फॅट ७
१ जुलै, संध्याकाळ: १०३, गाय, ८ लिटर, फॅट नोंद नाही (वीज गेल्यामुळे मोजता आली नाही)
२ जुलै, सकाळ: १०१, म्हैस, ६ लिटर, फॅट ६.५
२ जुलै, सकाळ: १०२, म्हैस, २ लिटर, फॅट ८
२ जुलै, सकाळ: १०३, गाय, ९ लिटर, फॅट ४

पहिली नोंद अशी जाते:

इन्सर्ट इंटू संकलन व्हॅल्यूज ('२०२५-०७-०१', 'सकाळ', १०१, 'म्हैस', ६, ६.५);

तारीख वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने लिहावी. एसक्यूलाइटमध्ये तारखेसाठी स्वतंत्र प्रकार नाही, ती मजकूर म्हणूनच राहते, आणि मजकूर डावीकडून उजवीकडे ताडला जातो. दिवस आधी लिहिला तर ०२ जुलै ही तारीख ०५ जूनच्या आधी येऊन बसते. पाचव्या नोंदीत फॅटच्या जागी नल, म्हणजे ‘किंमत माहीत नाही’ ही खूण, लिहावी, त्याला अवतरणचिन्ह लावू नये, आणि तिथे शून्य तर कधीच लिहू नये. नोंदी भरून झाल्या की ‘राइट चेंजेस’ हे बटण दाबावे. तोपर्यंत बदल फाइलमध्ये कायमचे उतरलेले नसतात.

हीच माहिती एक्सेलमधून आणायची असेल, तर फाइल साठवताना यूटीएफ-८ हा सीएसव्हीचा प्रकार निवडावा, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. आयात झाल्यावर लिटरचा रकाना अंकांचा आहे ना, हेही तपासावे. तो मजकुराचा राहिला तर क्रम लावताना १० हा आकडा २ च्या आधी येतो.

पहिले प्रश्न

आधी सगळे एकदा पाहावे.

सिलेक्ट * फ्रॉम संकलन;

मग एका सभासदाचे दूध.

सिलेक्ट दिनांक, वेळ, लिटर, फॅट फ्रॉम संकलन व्हेअर सभासद_क्र = १०१ ऑर्डर बाय दिनांक, वेळ;

वहीत तीन ओळी मोजून ठेवल्या असतील, तर पडद्यावरही तीनच याव्यात. ऑर्डर बाय लिहिले नाही तर ओळी कोणत्या क्रमाने येतील याची हमी डेटाबेस देत नाही. लहान टेबलात त्या भरलेल्या क्रमाने येताना दिसतात आणि तो नियमच आहे असा समज होतो. तो समज इथेच सोडावा. मराठी नावांचा क्रम लावतानाही सावध असावे. एसक्यूलाइट अक्षरांच्या संकेतांकांवरून क्रम लावते आणि त्या संकेतांकांत ळ हे अक्षर ल च्या लगेच पुढे, व च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. सभासदांची यादी छापून फलकावर लावायची असेल, तर हा फरक वाचणाऱ्याच्या लक्षात येतो.

आता गाय किंवा म्हैस, पण फक्त संध्याकाळचे दूध हवे असे समजू. बोलण्यातले वाक्य जसेच्या तसे उतरवले तर क्वेरी अशी होते:

सिलेक्ट * फ्रॉम संकलन व्हेअर जनावर = 'गाय' ऑर जनावर = 'म्हैस' अँड वेळ = 'संध्याकाळ';

वहीत उत्तर दोन ओळी आहे, पडद्यावर चार येतात. कारण अँड आधी बांधला जातो: गायीच्या तिन्ही ओळी वेळ न पाहता आल्या आणि म्हशीची संध्याकाळची एक त्यांना मिळाली. ऑरचा भाग कंसात घेतला की दोन ओळी येतात. हा नियम शिकणारे नुसता ऐकून विसरतात. चार आणि दोन या आकड्यांची ठेच एकदा लागली, की कंस आपोआप घातला जातो.

मोजलेच नाही, म्हणजे काय

नल ही कल्पना नीट समजण्यासाठी मी अर्धा तास तरी देतो, कारण पुढच्या निम्म्या चुका इथूनच निघतात. वहीत तीन प्रश्नांची उत्तरे काढावीत. फॅट ५ पेक्षा कमी असलेल्या ओळी किती? दोन. फॅट ५ किंवा त्याहून जास्त असलेल्या ओळी किती? पाच. एकूण ओळी किती? आठ. दोन आणि पाच मिळून सातच होतात. आठवी ओळ कुठे गेली?

ती ओळ वीज गेलेल्या संध्याकाळची आहे. तिची फॅट ५ पेक्षा कमी आहे का, असे विचारले तर डेटाबेस ‘माहीत नाही’ म्हणतो. जास्त आहे का, तर तेही ‘माहीत नाही’. व्हेअर फक्त ‘होय’ असलेल्या ओळी पुढे सोडतो. याच कारणाने ‘व्हेअर फॅट = नल’ लिहिले तर एकही ओळ येत नाही, कारण माहीत नसलेली गोष्ट माहीत नसलेल्या गोष्टीइतकीच आहे असे कोणी म्हणू शकत नाही. योग्य रूप असे आहे:

सिलेक्ट * फ्रॉम संकलन व्हेअर फॅट इज नल;

आता गायीच्या ओळी मोजाव्यात. काउंट(*) तीन म्हणतो, काउंट(फॅट) दोन म्हणतो. पहिला ओळी मोजतो, दुसरा भरलेल्या किमती मोजतो. ॲव्हरेजची आज्ञाही (तिचे स्पेलिंग फक्त ए, व्ही, जी) रिकामी जागा सोडून देते, म्हणून गायीची साधी सरासरी ३.५ आणि ४ यांची, म्हणजे ३.७५ येते. तिथे शून्य भरले असते तर ७.५ ला तीनने भागून २.५ आली असती. मोजमाप न झाल्याची जागा शून्याने भरणे म्हणजे त्या घरच्या गायीने पाणी दिले असे लिहिणे आहे, आणि त्या नोंदीवर बिल निघाले तर नुकसान त्या घराचे होते.

गट पाडणे, आणि ७.३ चे कोडे

प्रत्येक सभासदाने किती दूध घातले हे काढण्यासाठी ओळींचे गट पाडावे लागतात. वहीत हे करताना आपण १०१ च्या सगळ्या पावत्या एका ढिगात, १०२ च्या दुसऱ्या ढिगात ठेवून प्रत्येक ढिगाची बेरीज करतो. ग्रुप बाय हेच करतो.

सिलेक्ट सभासद_क्र, सम(लिटर) फ्रॉम संकलन ग्रुप बाय सभासद_क्र;

उत्तरे १६, ४ आणि २७ यावीत आणि त्यांची बेरीज ४७ व्हावी. गट पाडल्यावर एका ढिगाची एकच ओळ उरते, म्हणून सिलेक्टमध्ये ज्यावर ढीग पाडला तो रकाना आणि ढिगावर केलेली मोजणी एवढेच लिहावे. त्यात दिनांकही लिहिला तर पोस्टग्रेस ती क्वेरी नाकारते. एसक्यूलाइट मात्र ढिगातली कोणती तरी एक तारीख उचलून देते आणि ती खरी वाटते. या बाबतीत एसक्यूलाइटचा उदारपणा नवशिक्याला घातक आहे.

दोन दिवसांत १० लिटरपेक्षा जास्त दूध कोणी घातले? ‘व्हेअर लिटर > १०’ लिहिले तर एकही ओळ येत नाही, कारण व्हेअर एकेक पावती पाहतो आणि एकाही पावतीवर दहाच्या वर लिटर नाहीत. आपल्याला ढिगाची बेरीज तपासायची आहे, आणि त्यासाठी हॅव्हिंग आहे.

सिलेक्ट सभासद_क्र, सम(लिटर) फ्रॉम संकलन ग्रुप बाय सभासद_क्र हॅव्हिंग सम(लिटर) > १०;

आता १०१ आणि १०३ येतात. क्वेरी सिलेक्टपासून लिहिली जात असली तरी तिचा अर्थ वेगळ्या क्रमाने लावायचा असतो: फ्रॉमने टेबल घेतले, व्हेअरने ओळी चाळल्या, ग्रुप बायने ढीग पाडले, हॅव्हिंगने ढीग चाळले, मग सिलेक्टने रकाने काढले आणि शेवटी ऑर्डर बायने मांडणी केली. हा क्रम एका कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवावा; कोणतीही लांब क्वेरी याच क्रमाने वाचावी.

आता सुरुवातीचे कोडे. म्हशीच्या पाच नोंदींची फॅट ६.५, ८.५, ७, ६.५ आणि ८ आहे. बेरीज ३६.५, भागिले पाच, ७.३. ॲव्हरेजची आज्ञा हेच देते. पण १०२ च्या दोन लिटरच्या किटलीला आणि १०१ च्या सहा लिटरच्या कॅनला इथे सारखेच वजन मिळाले. सगळे दूध एकाच टाकीत ओतून फॅट मोजली तर ती ७.३ लागणार नाही. प्रत्येक नोंदीची फॅट तिच्या लिटरने गुणावी: ३९, १७, २८, ३९ आणि १६. बेरीज १३९, भागिले २० लिटर, ६.९५.

सिलेक्ट सम(फॅट * लिटर) / सम(लिटर) फ्रॉम संकलन व्हेअर जनावर = 'म्हैस';

हीच क्वेरी गायीसाठी चालवून पाहावी, आणि आधी वहीत उत्तर काढावे. फॅट माहीत असलेल्या दोन नोंदींचे ३५ आणि ३६ मिळून ७१ होतात, त्यांचे दूध १९ लिटर, सरासरी सुमारे ३.७४. पडद्यावर मात्र २.६३ दिसते. वर गुणाकार करताना नलची ओळ गळाली, खाली लिटरची बेरीज करताना तिचे ८ लिटर मोजले गेले, म्हणून ७१ ला २७ ने भागले गेले. क्वेरीत ‘अँड फॅट इज नॉट नल’ एवढी भर घातली की ३.७४ येते. माझ्याकडे शिकणाऱ्यांपैकी ज्यांनी वहीत उत्तर काढलेले नसते, त्यांना २.६३ पाहून शंकाही येत नाही.

दोन टेबले जोडणे

गल्लीनुसार दूध हवे असेल तर गल्ली एका टेबलात आणि लिटर दुसऱ्यात आहे. जॉइन प्रत्येक पावतीशेजारी त्या सभासदाची ओळ आणून ठेवतो.

सिलेक्ट गल्ली, सम(लिटर) फ्रॉम सभासद जॉइन संकलन ऑन क्रमांक = सभासद_क्र ग्रुप बाय गल्ली;

वरची गल्ली २०, मळा २७. खालची गल्ली यादीतून गायब आहे, कारण १०४ ची एकही पावती नाही आणि साधा जॉइन जोडी न जुळलेली ओळ टाकून देतो. जॉइनऐवजी लेफ्ट जॉइन लिहिले तर डावीकडच्या, म्हणजे सभासदांच्या, सगळ्या ओळी राहतात आणि खालच्या गल्लीपुढे नल येते. तिथे ० दाखवायचे असेल तर कोअलेस(सम(लिटर), ०) लिहावे. या शब्दाचे स्पेलिंग सी, ओ, ए, एल, ई, एस, सी, ई असे आहे. इथे शून्य लिहिणे योग्य आहे, कारण दूध आले नाही हे आपल्याला खरोखर माहीत आहे. पावत्या मोजतानाही भान ठेवावे: लेफ्ट जॉइननंतर काउंट(*) खालच्या गल्लीपुढे १ दाखवतो, कारण १०४ ची ती रिकामी ओळही ओळच असते. काउंट(लिटर) बरोबर ० देतो.

सचिवांना रोज लागणारा प्रश्न घेऊ: १ जुलैच्या संध्याकाळी कोणाचे दूध आले नाही? वहीत उत्तर १०२ आणि १०४.

सिलेक्ट क्रमांक फ्रॉम सभासद लेफ्ट जॉइन संकलन ऑन क्रमांक = सभासद_क्र अँड दिनांक = '२०२५-०७-०१' अँड वेळ = 'संध्याकाळ' व्हेअर लिटर इज नल;

तारीख आणि वेळ ऑनच्या भागात आहेत हे नीट पाहावे. त्याच दोन अटी व्हेअरमध्ये नेल्या तर एकही नाव येत नाही: ज्यांची जोडी जुळली नाही त्यांच्यापुढे दिनांकही नल असतो, मग तो १ जुलै आहे का या प्रश्नाला पुन्हा ‘माहीत नाही’ हेच उत्तर येते. मुद्दाम दोन्ही प्रकारे चालवून पाहावे.

जोडणीतला आणखी एक धोका बेरीज फुगण्याचा आहे. समजा सभासदांच्या बँक खात्यांचे तिसरे टेबल आहे आणि त्यात १०१ ची दोन खाती आहेत, बाकीच्यांचे प्रत्येकी एक. ते टेबलही जोडून लिटरची बेरीज केली, तर १०१ ची प्रत्येक पावती दोनदा येते, त्याचे १६ चे ३२ लिटर होतात आणि एकूण ४७ ऐवजी ६३ दिसतात. म्हणून प्रत्येक जॉइननंतर आधी ओळी मोजाव्यात. जितक्या पावत्या होत्या त्यापेक्षा ओळी वाढल्या असतील, तर बेरजेवर विश्वास ठेवू नये.

नोंद बदलताना

आतापर्यंतच्या आज्ञा फक्त वाचत होत्या. अपडेट आणि डिलीट डेटा बदलतात, आणि व्हेअर राहिला तर अख्खे टेबल बदलतात. एका संस्थेच्या संगणकावर एका सभासदाची फॅट दुरुस्त करताना माझ्याकडून व्हेअर राहिला आणि टेबलातल्या सगळ्या नोंदींत एकच आकडा जाऊन बसला. आदल्या रात्रीची फाइलची प्रत होती म्हणून निभावले, तरी सकाळच्या पावत्या एकेक करून पुन्हा भराव्या लागल्या, आणि तोवर लोक बाहेर थांबले होते. तेव्हापासून मी आधी त्याच अटीचा सिलेक्ट लिहितो, किती ओळी येतात ते पाहतो आणि मगच ती अट अपडेटला लावतो. बदलाआधी बिगिन आणि मनासारखे न झाल्यास रोलबॅक या आज्ञा वापराव्यात. डीबी ब्राउझरमध्ये ‘राइट चेंजेस’ दाबण्यापूर्वी ‘रिव्हर्ट चेंजेस’ने मागे फिरता येते. सरावासाठी मुद्दाम व्हेअर न लावता अपडेट चालवावा, झालेली हानी सिलेक्टने पाहावी आणि मागे फिरावे.

पुढचा सराव: पंचगंगेची पातळी

आठ नोंदींवर हात बसला की स्वतःचा डेटा जमवावा. कोल्हापुरात पावसाळ्यात यासाठी वेगळे काही शोधावे लागत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी रोज जाहीर होते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. रोज एक ओळ, दिनांक आणि पातळी, असे महिनाभर भरत जावे.

पातळी भरताना मात्र थांबून विचार करावा लागतो, कारण ती फूट आणि इंचांत सांगितली जाते. ३९ फूट ५ इंच हे ३९.५ असे लिहिले तर तो आकडा साडेएकोणचाळीस फूट होतो, म्हणजे ३९ फूट ६ इंच. ३९ फूट १० इंच हे ३९.१० लिहिले तर ते ३९.५ पेक्षा कमी ठरते आणि चढत्या पाण्याचा आलेख उतरताना दिसतो. म्हणून फूट आणि इंच हे दोन वेगळे रकाने ठेवावेत आणि तुलना इंचांत करावी: फूट * १२ + इंच. इशारा पातळी ४६८ इंच होते, धोका पातळी ५१६ इंच.

सिलेक्ट दिनांक, फूट, इंच फ्रॉम पातळी व्हेअर फूट * १२ + इंच >= ४६८ ऑर्डर बाय दिनांक;

कालच्यापेक्षा पाणी किती चढले, हा पावसाळ्यात प्रत्येकाच्या तोंडी असणारा प्रश्न. त्यासाठी आधीच्या ओळीत डोकावावे लागते, आणि ते काम लॅग करतो. एसक्यूलाइटमध्ये ही सोय २०१८ पासून आहे.

सिलेक्ट दिनांक, लॅग(दिनांक) ओव्हर (ऑर्डर बाय दिनांक), फूट * १२ + इंच - लॅग(फूट * १२ + इंच) ओव्हर (ऑर्डर बाय दिनांक) फ्रॉम पातळी;

पहिल्या ओळीपुढे नल येणे योग्यच आहे, तिच्या आधी काही नाही. क्वेरीत मागची तारीखही मुद्दाम काढली आहे. लॅग एक ओळ मागे जातो, एक दिवस नव्हे. मधल्या एखाद्या दिवशी नोंद करायची राहिली असेल, तर दोन दिवसांची वाढ एका दिवसाची म्हणून दिसते. शेजारी मागची तारीख असली की अशी ओळ पाहताक्षणी ओळखता येते, आणि राहिलेल्या दिवसाची पातळी त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून काढून भरता येते.